आमची वाटचाल: कंबर वाचवणारी अवजारं

सुरुवात गेट, ग्रील आणि पत्र्याच्या शेडच्या वेल्डिंगनं झाली. शेतीची अवजारं फक्त दुरुस्तीला यायची. एखादा दांडा दरवर्षी त्याच जागी वाकून आला, की समजायचं: जोर मातीत न जाता दांड्यातच जिरतोय. तिथून स्वतःची अवजारं करायला लागलो.

पहिलं सायकल कोळपं, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायला हातानं ढकलायचं अवजार. जुन्या सायकलचं चाक, 1 इंची चौकोनी पाइप आणि पास, म्हणजे माती कापणारं आडवं पातं. साध्या लोखंडी पट्टीची पास काळ्या मातीत लवकर बोथट होते, म्हणून गाडीच्या जुन्या पाट्याचं लोखंड वापरून तिला पाणी देतो, म्हणजे तापवून, बुडवून कडक करतो. ओळीत 1 फूट अंतर असेल तर पास 6 इंची. दोन्ही बाजूंना 3-3 इंच सुटले की मुळं तुटत नाहीत. पास जमिनीशी 15 ते 20 अंशांत बसवायची. जास्त तिरपी झाली तर खोल घुसते आणि ढकलताना छाती भरून येते, कमी झाली तर मातीवरून नुसती घसरते. निंदणी बहुतेक बायकाच करतात आणि दांडा मात्र पुरुषाच्या उंचीचा, म्हणून उंची कमी-जास्त करायला दांड्याला आता तीन भोकं ठेवतो. वाफसा, म्हणजे जमिनीत बेताची ओल, नसेल तर कोळपं बाहेर काढूच नका. ओल्या रानात चाकाला चिखल चढतो. तण चार बोटांच्या वर गेलं असेल तर खुरपंच बरं.

सर्वात जास्त डोकं खाल्लं पऱ्हाटी, म्हणजे वेचणी झालेली कापसाची झाडं, उपटायच्या चिमट्यानं. हातानं पऱ्हाटी उपटायची म्हणजे तळहात सोलतात आणि कंबर जाते. हिशेब तरफेचा आहे: टेकूपासून जबडा 6 इंचांवर आणि दांडा 4 फुटी, म्हणजे आठपट. दांड्यावर 15 किलोचा भार टाकला तर जबड्यात कागदावर 120 किलोची ओढ येते. प्रत्यक्षात थोडी कमी. पहिल्या नमुन्यात जबड्याचे दाते फार टोकदार होते. साल सोलली जायची, खोड मात्र जागच्या जागी. दाते बोथट केले, जबडा इंग्रजी व्ही अक्षरासारखा केला, मग पकड आली. दुसरी चूक टेकूच्या पायाची. तो अरुंद होता, ओलसर मातीत तोच रुतायचा आणि पऱ्हाटी हलायचीसुद्धा नाही. आता खाली 6 बाय 4 इंचांची पाटी असते.

खोड जमिनीपासून दोन-तीन इंचांवरच धरायचं, वर धरलं की मोडतं. शेवटची वेचणी झाली की जमिनीत ओल आहे तोवर उपटून घ्या. जमीन भेगाळली की खोड बुडाशी तुटतं आणि मूळ आतच राहतं. फरदड, म्हणजे त्याच झाडांवर पुन्हा कापूस, घेण्याचा मोह नको. उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी मुक्काम ठोकते. दहा-बारा एकर असतील तर आमचा चिमटा घेऊ नका, ट्रॅक्टरचा श्रेडर, म्हणजे पऱ्हाटीचे तुकडे करणारं यंत्र, लावा. हे एक-दोन एकरवाल्याचं अवजार.

चारा बारीक कापायच्या कुट्टी मशीनमध्ये सगळी मेख फिरतं पातं आणि स्थिर पट्टी यांच्यातल्या फटीत. कागद जेमतेम जाईल एवढीच फट हवी. ती वाढली की ओला मका कापला न जाता दुमडतो, चाक अडकतं आणि माणूस हात आत घालतो. बोटं जातात ती अशीच. म्हणून आम्ही चारा घालायचं तोंड 3 फूट लांब ठेवतो. जागा जास्त लागते म्हणून गिऱ्हाईक कुरकुरतं, पण तोंड आखूड करून देत नाही.

पाण्याचं म्हणाल तर धुळ्याकडं पांझरा नदीवरच्या फड या जुन्या सिंचन पद्धतीत बंधाऱ्याचं पाणी उतारानं शेतात जातं, आणि पाटकरी, म्हणजे पाणी वाटणारा माणूस, ते पाळीनं देतो. बादली नाही, पंप नाही. परसबागेला तीच युक्ती लहान मापात: 200 लिटरचा ड्रम 3 फूट उंच स्टँडवर, खाली ठिबकच्या नळ्या. एवढ्या उंचीला दाब फार थोडा येतो, म्हणून ओळ 30 फुटांच्या आतच ठेवा आणि गाळणी लावा. भरलेला ड्रम 200 किलोच्या वर जातो. स्टँडच्या पायांखाली फरशीचे तुकडे ठेवले नाहीत, तर पाणी झिरपून एक पाय खचतो आणि ड्रम आडवा होतो.

आमच्याकडून नेलेल्या पासेला आणि पात्याला धार लावून देण्याचे पैसे घेत नाही. फक्त धुऊन आणा. शेणामातीनं भरलेलं अवजार ग्राइंडरवर घेत नाही.