तुम्ही विचारलंत म्हणून: सोने खणणारा गरीब कसा?

रबाळे एमआयडीसीतील ज्या कारखान्यात मी नोकरीला होतो, तिथे दगड दळण्याच्या बॉल मिल तयार होत आणि त्या टांझानियातील सोन्याच्या खाणींच्या गेइटा भागात उभ्या करून देण्यासाठी मला पाठवले जाई. हे कळल्यापासून आमच्या ऐरोलीच्या सोसायटीतील मंडळी एकच विचारतात: सोने खणणारा माणूस गरीब कसा राहतो?

याचे उत्तर त्याच्या मजुरीत आहे. छोट्या खाणीत उतरणाऱ्याला बहुधा रोख पगार नसतो. वर आलेल्या दगडाची पोती जमीनमालक, पैसा लावणारा आणि कामगार यांच्यात ठरलेल्या हिश्शाने वाटली जातात. टनाला 10 ग्रॅम सोने धरले, तर 50 किलोच्या पोत्यात जेमतेम अर्धा ग्रॅम येते आणि आपल्या पोत्यात तेवढे तरी आहे की नाही, हे दळल्याखेरीज कळत नाही. गारेत, म्हणजे गारगोटीच्या दगडात, डोळ्यांना जे चमकते, ते बहुतेक वेळा पायराइट, म्हणजे सोन्यासारखे दिसणारे लोह-गंधकाचे खनिज, असते.

म्हणून जाणते लोक दगडाचा तुकडा लोखंडी खलात कुटून ती पूड पसरट भांड्यात हलवत हलवत धुतात. सोने गारेच्या सातपट जड असल्यामुळे हलकी वाळू पाण्याबरोबर निघून जाते, तळाशी काळ्या कणांची रेघ उरते आणि तिच्या टोकाला, असलाच तर, सुईच्या अग्राएवढा पिवळा ठिपका दिसतो. त्या ठिपक्यावरून पोती दळायची की नाही, हे ठरते.

दळलेल्या पुडीतले सोने पाऱ्यात धरतात, जादा पारा कापडातून पिळतात आणि उरलेला पांढरट गोळा उघड्या निखाऱ्यावर तापवतात. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वासही नसतो. असे उघड्यावर तापवणे थांबावे, असे पाऱ्याच्या वापराविषयीच्या 2013 च्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारात नमूद आहे; बंद भांडे वापरले तर पाराही परत मिळतो, पण दिवसभर राबलेल्या माणसाला तेवढी वाट पाहवत नाही. कोरड्या दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार तर त्याआधीच छातीत शिरलेला असतो.

एवढे करूनही बरेचसे सोने वाळूतच राहते आणि ती वाळू मिलमालकाची, असा रिवाज आहे. आपल्याकडे गिरणीवाल्याने पीठ कमी दिले तर आपण भांडतो. तिथे उरलेल्या मालावर त्याचाच हक्क. मिलमालक ती वाळू साठवतो, टाकीत सायनाइडने धुतो आणि खाणकामगाराच्या हातून निसटलेले सोने स्वतः काढतो. दळणाचे पैसे तो म्हणूनच कमी घेऊ शकतो. आमच्या कारखान्याचे ग्राहक हे मिलमालकच होते, आणि त्यांचे हप्ते थकल्याचे मला आठवत नाही.