थेंब तीन दिवसांचे, नाक सहा आठवड्यांचं

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मला साधी सर्दी झाली आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात माझं नाक मला परत मिळालं. मधल्या दिवसांतले दहा-बारा सर्दीचे होते. बाकीचा महिना मी नाकात टाकायच्या थेंबांच्या एका दहा मिलीच्या बाटलीपायी घालवला, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

आम्ही नाशिकला राहतो. निफाडकडे पारा घसरायला लागला की आमच्या शाळेत निम्मा वर्ग शिंकत असतो, त्यामुळे सर्दीचं मला काही वाटलं नाही. सहाव्या दिवशी मात्र वाकलं की गालफडं ठणकायला लागली, वरच्या दाढा दुखायला लागल्या, कपाळावर कुणी पाटा ठेवल्यासारखं डोकं जड. हजेरी घेताना 'नमिता माने' म्हणायला गेले तर तोंडातून 'दबिता बादे' निघालं. सातवी ब हसून लोळली.

घरी सासूबाईंनी कारभार हातात घेतला. चमचाभर ओवा तव्यावर गरम करून सुती रुमालात बांधायचा आणि ती पुरचुंडी हुंगायची, सोसेल तितपत गालांवर शेकायची. गवती चहा, आलं, तुळस घालून काढा. कपाळावर सुंठ उगाळून लेप. हा लेप मी जाहिरातींच्या नादात तासभर ठेवला आणि दोन दिवस कपाळावर लाल पट्टा घेऊन शाळेत गेले. पंधरा मिनिटांत धुऊन टाकायचा, एवढं लक्षात ठेवा. रात्री हुलग्याचे शेंगोळे, लसूण सढळ हाताने घातलेले. ताट संपेपर्यंत नाक वाहायला लागलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते वाहिलं म्हणून मला आनंद झाला.

आणि वाफारा. तोच खरा आधार होता, पण तोही मी आधी चुकीचाच घेत होते. गॅसवर पाणी खळाखळा उकळतंय आणि मी त्यावर तोंड धरून उभी. तसं करू नका. पाणी उकळलं की गॅस बंद करायचा, रुंद बुडाचं पातेलं टेबलावर किंवा जमिनीवर हलणार नाही असं ठेवायचं, दोनेक मिनिटं थांबायचं, मग टॉवेल डोक्यावर घेऊन फूटभर अंतरावरून डोळे मिटून पाच-दहा मिनिटं. दिवसातून दोन-तीनदा पुरे. पोरं घरात खेळत असतील तर दार लावून घ्या. वाफेने भाजण्यापेक्षा पातेलं अंगावर कलंडून भाजण्याचीच भीती जास्त. लहान मुलांना तर पातेल्यासमोर बसवूच नये. न्हाणीघरात गरम पाणी सोडून, दार लावून त्यांना मांडीवर घेऊन बसलं तरी भागतं.

पाण्यात बाम घालायची आमच्याकडे पद्धत आहे. डोळे चुरचुरतात आणि नाक एकदम सुटल्यासारखं वाटतं. हे 'वाटतं'च असतं, हे मला नंतर कळलं. मेंथॉलमुळे नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या नसा चाळवतात, म्हणून हवा गार लागते. वाट तेवढीच अरुंद राहते. साध्या पाण्याची वाफ तेवढीच उपयोगी. वाफेचं मशीन असेल तर त्यात बाम किंवा तेल अजिबात नको, ते तुंबतं आणि गरम पाण्याचे शिंतोडे उडवतं. आमच्या मशीनचा मृत्यू तसाच झाला.

हे सगळं चालू होतं आणि खरं म्हणजे गुण येत होता. हळूहळू. पण माझ्याकडे 'हळूहळू'ला वेळ नव्हता, सहामाहीचे पेपर तपासायचे राहिले होते आणि स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन गळ्यात पडलं होतं. शाळेतून येताना कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये शिरले. "ताई, हे थेंब न्या. दोन-दोन टाका, दोन मिनिटांत मोकळं." दोन मिनिटं नाही, एकच लागलं. गाडीवर बसेपर्यंत दोन्ही नाकपुड्यांतून नाशिकची थंडी थेट मेंदूपर्यंत! मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं होतं.

किती दिवस टाकायचे, हे ना त्याने सांगितलं ना मी विचारलं.

पहिले काही दिवस सकाळ-संध्याकाळ. मग दुपारी मधल्या सुट्टीत एकदा. मग रात्री उशाशी बाटली. दहाव्या दिवशी दुसरी बाटली आणली, त्यानंतर आठवड्याच्या आत तिसरी. आणि तिसरी आणताना मेडिकलवाला मला ओळखीचं हसला. तोवर दर तीन-चार तासांनी नाक असं बंद व्हायचं की जणू कुणी आतून बूच मारलंय. गंमत म्हणजे सर्दी केव्हाच गेली होती. ताप नाही, दाढा दुखत नाहीत, शिंकरलं तर काही बाहेर येत नाही. वाफारा घेऊन उपयोग नाही, काढ्याने नाही, शेंगोळ्यांनी नाही. मी सासूबाईंना म्हणालेही, "तुमच्या उपायांचा काही उपयोग नाही हो." त्या काही बोलल्या नाहीत. आज ते वाक्य मला परत घ्यायचं आहे.

डिसेंबरच्या शेवटी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नाकात उजेड टाकून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "थेंब किती दिवस चालू आहेत?" मी म्हटलं, तीन आठवडे. त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी समजावलं ते असं. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना मांसल कंगोरे असतात, रक्तवाहिन्यांनी भरलेले. थेंबांतल्या औषधाने त्या रक्तवाहिन्या आकसतात, सूज उतरते, वाट मोकळी होते. औषध उतरलं की त्या पुन्हा फुगतात. तीन दिवस, फार तर पाच दिवस ठीक. त्यापुढे दर वेळी त्या आधीपेक्षा जास्त फुगायला लागतात. म्हणजे मी ज्या सुजेवर थेंब टाकत होते ती सूज थेंबांनीच आणलेली होती. नाकात शेंबूड नव्हताच, मग वाफारा काय पातळ करणार? आणि तुम्हाला बीपी आहे का, हा प्रश्न त्यांनी विचारला तो पैसे देताना. मला नाही, पण ह्यांना आहे, आणि मधे दोन-तीनदा ह्यांनीही तीच बाटली वापरली होती. बीपीवाल्यांनी हे थेंब विचारल्याशिवाय घेऊच नयेत म्हणे.

घरी येऊन बाटलीच्या खोक्यातला कागद काढला. चष्मा लावून, वर मोबाईलची बॅटरी धरून वाचला. जास्त दिवस सलग वापरू नये, असं त्यात होतं, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात. मेडिकलवाल्यावर चिडू की स्वतःवर, हे मला ठरवता आलं नाही म्हणून मी ह्यांच्यावर चिडले.

सोडायची पद्धत अशी सांगितली होती: दोन्ही नाकपुड्या एकदम सोडायच्या नाहीत. आधी उजवी पूर्ण बंद, डावीत फक्त रात्री थेंब. आठवड्याने डावी. सोबत स्टिरॉइडचा फवारा, जो थेंबांसारखा एका मिनिटात काम करत नाही, त्याला दिवस लागतात, त्यामुळे रोज न चुकता मारायचा. आणि दिवसातून दोनदा मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं.

पहिला आठवडा निभावला. निदान एका नाकपुडीने झोपता येत होतं. इथे एक गोष्ट सांगायची राहिली, ती आत्ता आठवली: ज्या कुशीवर झोपाल ती खालची नाकपुडी बंद होते आणि वरची सुटते. चांगली नाकपुडी वर ठेवून झोपायचं, उशा दोन घ्यायच्या. नुसत्या ह्या एका गोष्टीने मला रोज दोन तास जास्त झोप मिळाली.

डावी सोडायची पहिली रात्र मात्र मी विसरणार नाही. उजवी अजून अर्धवटच उघडली होती, डावी ठार बंद. बाटली घरात नको म्हणून मीच ह्यांना सांगितलं होतं, ह्यांनी ती खाली स्कूटरच्या डिकीत टाकली होती. अकराला पडले. साडेबाराला उठून वाफारा. दीडला फवारा मारायचा मोह, पण तो ठरल्यापेक्षा जास्त मारून काही होत नाही. तोंडाने श्वास घेऊन जीभ कोरडी पडून टाळ्याला चिकटलेली. पावणेतीनला मी स्वेटर चढवला, कानाला स्कार्फ बांधला, खिळ्यावरची किल्ली काढली आणि तीन मजले उतरून पार्किंगमध्ये गेले. डिकी उघडली. बाटली पोंछायच्या फडक्यात गुंडाळलेली. झाकण फिरवलं, मान मागे टाकली, आणि वॉचमन काका खुर्चीतून म्हणाले, "बाई, काय झालं? कुणाला बरं नाही का?"

आता पहाटे तीनला पार्किंगमध्ये नाकात औषध घालणारी शिक्षिका म्हणून मला ओळख नको होती. "काही नाही काका, किल्ली शोधत होते," म्हणून बाटली परत ठेवली आणि तरातरा जिना चढले. तिसऱ्या मजल्यावर धाप लागली, दाराशी टेकून उभी राहिले आणि लक्षात आलं की मी नाकाने श्वास घेतेय. दोन्ही नाही, पण उजवी पूर्ण आणि डावीसुद्धा थोडी.

पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले. अंगाला श्रम पडले की नाकातल्या रक्तवाहिन्या आपोआप आकसतात, बाटली न उघडता. टिकतं थोडाच वेळ, पण तेवढ्यात डोळा लागतो. त्यानंतर आठवडाभर मी रोज झोपण्याआधी तीन मजले दोनदा चढ-उतार केली. वॉचमन काकांनी विचारायचं सोडून दिलं.

नाक धुण्याबद्दल थोडं, कारण त्यात मी एक मूर्खपणा केला. पहिल्या दिवशी नुसतं कोमट पाणी घातलं. तिखट गेल्यासारखी आग कपाळापर्यंत गेली. मीठ लागतंच: अर्धा लिटर पाण्याला पाऊण चहाचा चमचा, आणि चिमूटभर खायचा सोडा. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं, नळाचं थेट नको, फिल्टरचं आहे म्हणूनही नको. पिताना चालणारं पाणी नाकात चालतंच असं नाही. अमेरिकेत लुईझियाना राज्यात २०११ साली नळाच्या पाण्याने नेती करणारे दोन जण त्यातल्या अमिबाचा मेंदूला संसर्ग होऊन गेले. बेसिनवर वाकायचं, मान तिरकी, तोंडाने श्वास, वरच्या नाकपुडीतून ओतलं की खालच्यातून येतं. नंतर नाक हळू शिंकरायचं, जोर लावला की कानात दडे बसतात. नेतीचं भांडं धुऊन वाळवून ठेवायचं.

सासूबाईंना मधुमेह आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरची, म्हणजे काळ्या बुरशीची, दहशत आमच्या घराने जवळून पाहिली, म्हणून मी डॉक्टरांना मुद्दाम विचारलं की सासूबाईंना असं नाक चोंदून गाल दुखायला लागले तर किती दिवस घरी थांबायचं. ते म्हणाले, साखर असलेल्या माणसाचा एका बाजूचा गाल बधिर झाला, डोळा सुजला, दोन-दोन दिसायला लागलं किंवा नाकातून काळपट काही आलं तर एक दिवसही नाही. बाकीच्यांनी दहा दिवसांत उतार पडला नाही किंवा बरं वाटून पुन्हा बिघडलं तर दाखवावं. डोळ्यांची सूज, कडक ताप, मान आखडणं हे कुणालाही झालं तर लगेच. आणि शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक मागत सुटू नये. रंगावरून तेवढं कळत नाही, सायनसची, म्हणजे गाल-कपाळातल्या पोकळ्यांची, बहुतेक दुखणी विषाणूची असतात आणि आपली आपण जातात. माझंही गेलंच होतं की, मी मधे पडले नसते तर.

गालातल्या पोकळीचं तोंड तळाशी नसून वरच्या अंगाला असतं. माठाला तोटी गळ्याशी बसवल्यासारखं. त्यामुळे उभ्या माणसात आतलं पाणी सहजी निघत नाही. हे मला शाळेत शिकवलं असतं तर फार बरं झालं असतं, कारण नेतीचंही तसंच होतं. नाक धुऊन झालं की लगेच निघू नका. पुढे वाका, मान डावीकडे, मान उजवीकडे, अर्धा तास जाऊ द्या. मी एकदा घाईत तशीच गेले. दुसऱ्या तासाला घटक चाचणीचे पेपर वाटत होते, एका मुलीच्या बाकावर वाकले आणि नाकातून कोमट पाण्याची धारच तिच्या पेपरवर, बरोबर लाल शाईवर. शाई पसरली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग वीसपैकी साडेसहाकडे पाहिलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "बाई, रडू नका ना. पुढच्या वेळी अभ्यास करते."