तुम्ही विचारलंत म्हणून: जाहिराती अडवणं ही फुकटेगिरी नाही का?

नातेवाईक, शेजारी, ऑफिसातली मंडळी, ज्यांचा लॅपटॉप माझ्या हाती येतो त्यांच्या ब्राउझरमध्ये मी जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, टाकून देतो. मग कुणी ना कुणी विचारतंच, "बातमी फुकट वाचायची, वर जाहिरातही बघायची नाही. मग त्या साइटवाल्यांनी खायचं काय?"

प्रश्न रास्त आहे, आणि "सगळेच करतात" हे त्याचं उत्तर नव्हे.

छापील पेपरातल्या छोट्या जाहिराती मी अजूनही चवीने वाचतो. वधू पाहिजे, जुना टेम्पो विकणे आहे, शेअर सर्टिफिकेट हरवल्याची जाहीर नोटीस. त्या जाहिरातींना मी कोण, कुठे राहतो, परवा कोणत्या आजाराची माहिती शोधली, याचा पत्ता नसतो. साइटवरच्या बहुतेक जाहिरातींना असतो, किंवा निदान तसा प्रयत्न तरी असतो. माझं भांडण आहे ते या पाळतीशी.

बातमी उघडली की ब्राउझर त्या साइटकडून मजकूर आणतो. त्या मजकुरातच सूचना असतात, की आणखी अमुक अमुक ठिकाणांहून स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, आणून चालव. मग पानावरच्या रिकाम्या चौकटीचा लिलाव पुकारला जातो. तुम्ही साधारण कुठे आहात, फोन कोणता, कोणतं पान वाचताय आणि तुमचा एक ओळख-क्रमांक, एवढं बोली लावणाऱ्यांकडे जातं. सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास सगळा खेळ आटोपतो. आणि ही गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते: जाहिरात एकाचीच लागते, पण ती माहिती हरलेल्या बोलीदारांनाही मिळालेली असते. दुकानात नुसता भाव विचारून बाहेर पडावं आणि आळीतल्या सगळ्या दुकानदारांनी आपल्यामागे माणूस लावावा, तसं हे.

ज्या कुकीच्या, म्हणजे साइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या खूणचिठ्ठीच्या, आधारावर हे चालत आलं, ती 1994 साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी आणली होती, ऑनलाइन खरेदीची टोपली वगैरे लक्षात राहावी म्हणून. पुढे एकाच जाहिरात कंपनीची कुकी हजारो साइटवर ओळखली जाऊ लागली आणि त्यातून माणसाची दिनचर्या जुळवता येऊ लागली. या धंद्याची किंमत कळायला एक आकडा पुरे: डबलक्लिक ही ऑनलाइन जाहिरातींची कंपनी गूगलने 3.1 अब्ज डॉलरला घेतली. तो व्यवहार 2008 साली पूर्ण झाला.

वेगाचं म्हणाल, तर याचा उत्तम नमुना एका कायद्यामुळे उघडा पडला. मे 2018 मध्ये युरोपात जीडीपीआर हा लोकांच्या खासगी माहितीच्या रक्षणाचा कायदा लागू झाला. अमेरिकेतल्या 'यूएसए टुडे'ने युरोपातल्या वाचकांसाठी ट्रॅकर (पाळत ठेवणारे प्रोग्रॅम) आणि जाहिराती काढून टाकलेली वेगळी आवृत्ती ठेवली. नेहमीचं पान 5.2 एमबीच्या आसपास होतं, हे साधारण अर्ध्या एमबीत बसलं. बातम्या त्याच. उरलेल्या भाराचं ओझं वाहतो तो आपला डेटा पॅक आणि आपली बॅटरी. जुन्या, स्वस्त फोनवर हा फरक डोळ्यांना दिसतो.

सुरक्षिततेबद्दल लोक म्हणतात, "मी भलत्या साइटवर जातच नाही." मार्च 2016 मध्ये न्यूयॉर्क टाइम्स, बीबीसी, एमएसएन, एओएल यांच्या पानांवर जाहिरातींच्या जाळ्यातून घातक कोड येऊन पोचला होता. कॉम्प्युटरवर जुनं, न सुधारलेलं सॉफ्टवेअर असेल तर जाहिरातीवर क्लिक करायचीही गरज नव्हती. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम आत शिरू शकत होता. संपादकांना त्याचा पत्ताही नव्हता, कारण ती चौकट त्यांनी भाड्याने दिलेली. डिसेंबर 2022 मध्ये तर अमेरिकेच्या एफबीआयनेच सर्चमधल्या तोतया जाहिरातींबद्दल इशारा देताना लोकांना अ‍ॅडब्लॉकर (जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन) वापरायचा सल्ला दिला. आपल्याकडे बँकेचा कस्टमर केअर नंबर शोधणाऱ्या ज्येष्ठांसाठी हा सल्ला अगदी तंतोतंत लागू आहे.

मी स्वतः फायरफॉक्स ब्राउझर आणि त्यावर यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन वापरतो. ते लिहिणारे रेमंड हिल देणगीसुद्धा घेत नाहीत. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण अ‍ॅडब्लॉक प्लस या दुसऱ्या एक्स्टेन्शनने 2011 पासून 'स्वीकारार्ह जाहिराती' आत सोडायला सुरुवात केली आणि त्या यादीत येण्यासाठी मोठ्या कंपन्या पैसे मोजतात. राखणदारानेच फाटकावर टोलनाका उघडला म्हणायचा. क्रोमवर पूर्ण यूब्लॉक ओरिजिन 2025 मध्ये बंद पडलं. पूर्वी एक्स्टेन्शनला प्रत्येक विनंती तपासून अडवता येत होती. क्रोमच्या नव्या नियमांत बहुतांशी आधीच दिलेल्या यादीबरहुकूम अडवणं ब्राउझरच करतो. सुरक्षिततेसाठी हे केलं, असं गूगल म्हणतं. ज्या कंपनीची मुख्य कमाई जाहिरातींची, तिच्या तोंडून हे ऐकताना मी जरा हातचं राखून ऐकतो. क्रोम सोडायचंच नसेल तर यूब्लॉक ओरिजिनची लाइट आवृत्ती आहे, तीही बरी चालते.

अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्येही यूब्लॉक ओरिजिन बसतं. अ‍ॅपमधल्या जाहिरातींसाठी सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस असतं (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा इंटरनेटवरचा पत्ता सांगणारी सेवा), तिथे अ‍ॅडगार्डसारख्या सेवेचा पत्ता भरायचा. त्याने बऱ्याच थांबतात, यूट्यूबच्या थांबत नाहीत, कारण त्या व्हिडिओच्याच घरून येतात. शिवाय तुम्ही कोणकोणत्या साइटचे पत्ते विचारता ते त्या सेवेला कळतं, म्हणून विश्वास कुणावर टाकायचा ते ठरवूनच. आणि एक्स्टेन्शन घेताना नाव नीट वाचा. 2017 मध्ये अ‍ॅडब्लॉक प्लसच्या नावाचं बनावट एक्स्टेन्शन थेट क्रोमच्या अधिकृत दुकानात होतं आणि सदतीस हजार लोकांनी ते उतरवून घेतलं होतं.

आता साइटवाल्यांनी खायचं काय, याकडे. ज्यांचं मी रोज वाचतो त्यांची वर्गणी भरतो. लहान साइट चालवणारा स्वतःच स्थानिक दुकानाची साधी चित्र-जाहिरात लावत असेल, तर ती बहुधा अडतही नाही. अडलीच तर त्या साइटपुरतं एक्स्टेन्शन बंद करतो. एक्स्टेन्शनमधल्या निळ्या बटणाचं काम आहे. पण "अ‍ॅडब्लॉकर काढा, मगच वाचा" अशी पाटी लावून आत डझनभर ट्रॅकर सोडणारी साइट असेल, तर ती पाटी वाचून मी परत फिरतो. अटी मान्य नाहीत, तर माल घेत नाही. मला तो व्यवहार स्वच्छ वाटतो. तुम्हाला नसेल पटत तर एक्स्टेन्शन काढून देतो, दोन मिनिटं लागतात. आजवर कुणी काढून मागितलेलं नाही, एवढं मात्र सांगतो.