पांधणीच्या गाऱ्यासाठी काय घ्यावं?

मृग बरसला की आमच्या पांधणीत, म्हणजे शेताकडं जाणाऱ्या कच्च्या वाटेत, कार घालणं म्हणजे जुगार. डांबरी सडक शेताच्या बरीच अलीकडे संपते आणि पुढं निव्वळ काळी माती; पावसात तिचा नुसता गारा, म्हणजे चिखल. शेतरस्त्यांच्या सरकारी मातोश्री योजनेतून 2021 नंतर शेजारच्या शिवारात मुरूम पडला, आमची पांधण अजून रांगेतच आहे. आई-बाबा शेतातल्या घरी राहतात. रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर दर वेळी ट्रॅक्टर कोणाचा मागायचा? म्हणून पेरणीआधीच गाडीसाठी काहीतरी सोय करायची ठरवली.

पहिली नजर गेली चेनवर. मनालीकडे बर्फावर टायरला लोखंडी चेन बांधतात, ती टायरच्या मापानं मिळते. माझ्या टायरवर 165/70 आर 14 लिहिलंय. गाडी पुढच्या चाकांवर चालते, म्हणजे चेनही पुढंच लागणार. गावातल्या मेकॅनिकला विचारलं तर तो हसला. "थे पहाडातलं काम आहे भाऊ. बर्फ कडक राह्यते, कडी त्याच्यात रुतते. आपल्या इथं कडीतच गारा भरून जाईन."

पटलं. आपली माती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला लोण्यासारखी चिकटते. कड्यांमधल्या फटी बुजल्या की चेन असून नसल्यासारखी. शिवाय डांबरी लागली की उतरून ती काढा, कारण तिच्यावर ताशी 40-50 च्या वर पळवता येत नाही. रात्री पेशंट मागच्या सीटवर असताना हे कोण करणार? टायरवर चढवायचे कापडी मोजेही मिळतात, पण ते बर्फापुरतेच; आपल्या खडीवर चिंध्या व्हायच्या.

तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्या, फुकटच्या, आणि चाकाखाली टाकायचा जुना उपाय आहेच. पण पावसाळ्यात कोरड्या तुराट्या चुलीलाच पुरत नाहीत. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळली झाडं, तर नकोच, तिचा खुंट टायरच्या बाजूला घुसला की पंक्चरही निघत नाही. ओला बारदाना चाक मागं फेकून देतं.

शेवटी घेतल्या कडक प्लास्टिकच्या दोन खाचेदार फळ्या. पहिल्या मोठ्या पावसानंतर बाबांना घेऊन मुद्दाम पांधणीत गाडी फसवली. आधी फावड्यानं पुढच्या दोन्ही चाकांपुढची माती उतरती कापली, स्टिअरिंग सरळ केलं, फळीचं टोक टायरखाली ठोकलं. टायरची हवा 30 पीएसआयवरून 20 वर आणली, त्यानं टायर पसरतो. मग पहिला गिअर आणि अगदी हलका ॲक्सिलरेटर. चाक जागेवर फिरलं तर प्लास्टिकचे दात घासून वितळतात, म्हणून रेस करायचीच नाही. बाबांना आधीच बाजूला बांधावर उभं केलं होतं, फळी उडाली तर नडगी फोडते. गाडी निघाली, फळ्या मात्र गाऱ्यात गाडल्या गेल्या. आता त्यांना लाल दोरी बांधलीय, म्हणजे सापडतात.

गाडीचं पोट मातीवर टेकलं तर मात्र फळ्या उपयोगाच्या नाहीत. आधी खालची माती उपसा, नाहीतर ट्रॅक्टरच बोलवा. त्यासाठी जाड पट्टा डिक्कीत आहे, आणि हवा परत भरायला लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप. डांबरीला लागण्याआधी हवा भरायचीच. फळ्या त्याच दिवशी धुवाव्या लागतात. वाळलेली काळी माती खाचांतून तारेच्या ब्रशनंही लवकर निघत नाही.