आयोवाची वही : चौथा हंगाम, चौथा पाहुणा

हे खूळ डोक्यात शिरलं ३ सप्टेंबर २०२२ ला. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. अमेरिकन फुटबॉलमध्ये आयोवा विद्यापीठाच्या संघाने साउथ डकोटा स्टेट विद्यापीठाला ७-३ असं हरवलं, आणि त्या सातांत टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं, सहा गुण) एकही नाही! एक फील्ड गोल (खांबांमधून मारलेली किक, तीन गुण), दोन सेफ्टी (समोरच्याला त्याच्याच गोलक्षेत्रात पाडणं, दोन गुण). म्हणजे चार गुण तर बचावफळीनेच कमावलेले. आयोवाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, स्पेन्सर पेट्रास. त्याचे २५ पैकी ११ पास पोचले, १०९ यार्ड. दुसऱ्या दिवशी मॅच परत लावली आणि दोनशे पानी वही काढली.

पहिल्या वर्षी रकाने दोनच : पोचला, पडला. ही माझी चूक. ती कळली २०२३ मध्ये. मिशिगनहून आणलेला क्वार्टरबॅक केड मॅकनमारा सप्टेंबरअखेर गुडघा दुखावून बाहेर गेला, आणि विस्कॉन्सिनहून आलेल्या डीकन हिलवर सगळा भार आला. हात दणकट, तरी निम्म्याहून जास्त पास वाया. मग मी प्रत्येक पडलेला पास मागे घेऊन नुसते पाय बघायला लागलो. अंगावर कोणी आलं की हा मागच्या पायावर रेलून फेकतो, आणि चेंडू रिसीव्हरच्या, म्हणजे झेलणाऱ्याच्या, डोक्यावरून. तेव्हापासून तिसरा रकाना : पाय.

गंमत म्हणजे त्या वर्षी संघ दहा मॅच जिंकला. आक्रमणाचा प्रशिक्षक ब्रायन फेरेंट्झ, म्हणजे मुख्य प्रशिक्षकांचा मुलगा. त्याच्या करारातच दर मॅचला सरासरी २५ गुणांची अट होती. संघ पंधराच्या आसपास अडकला. तारलं कोणी? बचावफळीने आणि पंटर, म्हणजे चेंडू लाथेने लांब मारून समोरच्याला मागे ढकलणाऱ्या, टोरी टेलरने : ९३ पंट, ४,४७९ यार्ड, एका हंगामातला विक्रम.

२०२४ ला नॉर्थवेस्टर्नचा ब्रेंडन सलिव्हन आला. पण खरं काम चेंडू घेऊन धावणाऱ्या केलेब जॉन्सनच्या पायांनी केलं, १,५३७ यार्ड. क्वार्टरबॅकचा प्रश्न सुटला नाही, झाकला गेला.

आणि २०२५ ला मार्क ग्रोनोव्स्की. त्या ७-३ च्या रात्री समोर होता तोच! पेट्रासनंतरचे चौघेही बाहेरचे, तीन वर्षांत घरचा एकही उभा राहिला नाही, हे मला जास्त खटकतं. ग्रोनोव्स्की स्वतःच चेंडू घेऊन घुसायचा, म्हणून चौथा रकाना आखावा लागला : धावला.

जुनी वही उघडली तर त्या रात्रीच्या त्याच्या पासची एकही नोंद नाही. समोरच्या संघाचा म्हणून सोडलेला. आता ती मॅच पुन्हा लावली आहे. पहिल्या हाफपर्यंत आलोय.