तुम्ही विचारलंत म्हणून: मुंबई ते टोकियो, नेमके किती तास?

टोकियोच्या निशी-कासाई भागात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तिथल्या मुलांकडे निघालेले आईवडील मला हमखास विचारतात की, तिकिटावरच्या वेळा पाहिल्या तर थेट विमानाला जाताना साडेअकरा तास दिसतात आणि येताना सहाच, असे कसे? या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायला हवे, कारण वस्तुस्थिती नेमकी उलट आहे आणि परतीचा प्रवासच अधिक लांबतो.

समजा, विमान मुंबईहून रात्री 8 वाजता सुटले आणि टोकियोला सकाळी 7.30 वाजता उतरले. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असल्यामुळे त्या वेळी मुंबईत पहाटेचे 4 वाजलेले असतात. म्हणजे प्रवास झाला आठ तासांचा. उलट तिकडून सकाळी 11 वाजता निघालेले विमान मुंबईत संध्याकाळी 5 वाजता पोहोचते, तेव्हा टोकियोत रात्रीचे 8.30 झालेले असतात, म्हणजे साडेनऊ तास विमानात गेले. हिवाळ्यात तर ते दहाच्या घरात जातात.

दोन्ही शहरांमधले सरळ अंतर सुमारे 6,750 किलोमीटर आहे. पृथ्वीगोलावर ही सर्वांत जवळची वाट हिमालय आणि तिबेट ओलांडून जाते. पण विमाने सहसा दक्षिणेकडून, म्यानमार आणि दक्षिण चीनवरून वळसा घेतात. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला, तर विमानाला लवकरात लवकर सुमारे 3,000 मीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते, आणि तिबेटची जमीनच सरासरी 4,500 मीटरच्या आसपास असल्यामुळे तिथे ते शक्य नसते. हा वळसा सुरक्षिततेसाठी आहे, म्हणून त्यात जाणारा वेळ मला मुळीच वाया गेलेला वाटत नाही.

जाण्यायेण्यातला फरक मात्र वाऱ्यामुळे पडतो. विमानांच्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट स्ट्रीम हिवाळ्यात जपानवर अतिशय प्रबळ असतो. कधी कधी त्याचा वेग ताशी 300 किलोमीटरच्याही पुढे जातो. (या वाऱ्यांची मोजणी 1920च्या दशकात वासाबुरो ओइशी या जपानी हवामानतज्ज्ञाने फुगे सोडून केली होती, त्यांनी 1926 साली आपला अहवाल एस्पेरांतो या फार थोड्यांना येणाऱ्या, मुद्दाम घडवलेल्या भाषेत छापला आणि जगाचे त्याकडे फारसे लक्ष गेले नाही, याची मला आजही हळहळ वाटते.) ताशी 900 किलोमीटरने जाणाऱ्या विमानाला 3,000 किलोमीटर कापायला वारा नसताना 3 तास 20 मिनिटे लागतात. पाठीशी ताशी 200 किलोमीटरचा वारा असेल, तर 36 मिनिटे वाचतात. तोच वारा समोरून आला, तर 57 मिनिटे जास्त लागतात. म्हणजे वारा जाताना जितके देतो, त्याहून अधिक येताना काढून घेतो. उन्हाळ्यात हा प्रवाह मंदावून उत्तरेकडे सरकतो आणि तफावत कमी होते.

म्हणूनच डिसेंबर ते फेब्रुवारीत परतणाऱ्या ज्येष्ठांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, इन्सुलिनच्या इंजेक्शनच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारताना तिकिटावर दिसणारे सहा तास सांगू नका; प्रत्यक्ष साडेनऊ-दहा तास आणि घड्याळातला साडेतीन तासांचा फरक, या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगा.