पाच वॅटची वाटचाल

आमच्या दुकानाच्या पाटीवर अजूनही 'रेडिओ दुरुस्ती' असंच लिहिलेलं आहे. पाटी बदलायचं दर दिवाळीत ठरतं आणि राहून जातं. ठाण्यात मर्फी रेडिओचा कारखाना होता, त्या काळात बाबांनी हे दुकान टाकलं. व्हॉल्व्हचे, म्हणजे आत काचेच्या नळ्या तापवणारे रेडिओ गेले, ट्रान्झिस्टर आले, मग टू-इन-वन, मग टीव्ही. शेवटी शेवटी तर दिवसभरात एखादा मिक्सर सोडला तर टेबलावर काही नसायचं. मी डिप्लोमा करून दुकानात बसलो तेव्हा नातेवाइकांनी हळहळ केली होती.

गिटारचा ॲम्प, म्हणजे तिचा आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर, आमच्याकडे पहिल्यांदा आला तो वसईहून. लग्नांत वाजवणारे एक अंकल होते. त्यांच्या भाच्याने अमेरिकेहून पाच वॅटचा छोटा ट्यूब ॲम्प आणलेला. पाठीमागे १२० व्होल्ट लिहिलेलं न वाचता घरातल्या कुणीतरी तो सरळ आपल्या २३० च्या प्लगमध्ये लावला. त्यात आधी कुणी शहाण्याने मोठा फ्यूज घालून ठेवलेला, त्यामुळे फ्यूज शाबूत आणि ट्रान्सफॉर्मर जळालेला. मी हात वर करणार होतो. बाबांनी मागची फळी काढली, आत डोकावले आणि हसले. "अरे, हा रेडिओच आहे की. फक्त स्टेशन लावायची सोय नाही."

आत दोनच व्हॉल्व्ह: सिग्नल वाढवणारा १२एएक्स७ आणि पॉवर देणारा ईएल८४, बस्स. ईएल८४ बाबांच्या रोजच्या ओळखीतला. रेडिओत स्पीकर हलवायचं काम कितीतरी वेळा त्याच्याचकडे असायचं. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेल्या अशा व्हॉल्व्हचा भरलेला बिस्किटांचा डबा आमच्या माळ्यावर होता. (बाबा 'व्हॉल्व्ह' म्हणतात, गिटारवाली मुलं 'ट्यूब'. दुकानात दोन्ही चालतं.)

पॉवर ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचा बांधून घेतला, ॲम्प चालू झाला. अंकल खूश, पण म्हणाले, आवाज आणखी भरदार करता येईल का? इथे मी शहाणपणा केला. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर मोठा घातला की खर्ज सुधारतो, असं मी वाचलं होतं. स्टॅबिलायझरचे ट्रान्सफॉर्मर बांधणाऱ्या आमच्या वाइंडिंगवाल्याकडून दुप्पट आकाराचा बनवून घेतला. आकडे सगळे बरोबर होते: व्हॉल्व्हच्या बाजूला ५,००० ओहम, स्पीकरच्या बाजूला ८. जोडला, आणि आवाज आधीपेक्षा वाईट! गिटारची सगळ्यात जाड तार, जी ८२ हर्ट्झवर वाजते, ती जणू रबराची झाली होती.

तीन दिवस मी कंडेन्सर बदलत बसलो. चौथ्या दिवशी बाबांनी तो ट्रान्सफॉर्मर हातात घेऊन कडेने पाहिला आणि विचारलं, "कागद कुठाय?"

ह्या कागदावर आमचा पुढचा सगळा धंदा उभा राहिला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. छोट्या ॲम्पमध्ये पॉवरचा व्हॉल्व्ह एकच असतो. त्यामुळे आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून गिटारच्या सिग्नलबरोबर ४०-५० मिलिॲम्पियरचा डीसी, म्हणजे एकाच दिशेचा करंट सतत वाहतो. त्यानेच लोखंड आधी अर्धंअधिक चुंबक होऊन बसतं, मग खालच्या सुरांना जागा उरत नाही. उपाय जुना आहे. 'ई' आकाराच्या सगळ्या पट्ट्या एका बाजूने भरायच्या, 'आय'च्या सगळ्या दुसऱ्या बाजूने, आणि मध्ये कागदाची फट ठेवायची. स्टॅबिलायझरवाला सवयीने एक पट्टी इकडून, एक तिकडून अशी भरतो. त्याच्या कामात तेच बरोबर. दोन व्हॉल्व्हच्या पुश-पुल ॲम्पमध्येही चालतं, कारण तिथे दोन्हींचे डीसी करंट एकमेकांना मारतात. आम्ही पट्ट्या उपसून पुन्हा भरल्या, कागद घातला. जाड तार परत तार झाली. वाइंडिंगवाला आज आमची वही वेगळी ठेवतो आणि तिच्यावर 'कागदवाले' असं लिहितो.

अंकलनी वसईत चार जणांना सांगितलं, तिथून गोव्यातल्या वादकांपर्यंत बातमी गेली. गोव्याचे ॲम्प ओळखायला पत्ता लागत नाही. खारट हवेने सॉकेटच्या पिना काळ्या पडलेल्या असतात. 'ट्यूब गेली' म्हणून आलेल्या कित्येक ॲम्पना नुसती सॉकेटची सफाई पुरते.

नवा ॲम्प घेणारे आम्हाला विचारतात, पाच वॅट पुरतील का? घरात वाजवायचा असेल तर पुरून उरतील, शेजारी वर येतील. कानाला आवाज दुप्पट वाटायला पॉवर साधारण दहापट लागते, म्हणजे ५० वॅटचा ॲम्प पाचाच्या जेमतेम दुप्पट मोठा वाटतो. ड्रमरबरोबर स्वच्छ आवाजात वाजवायचं असेल तर मात्र पाच वॅट धापा टाकतात. तिथे दोन ईएल८४ चा, १५ वॅटचा आणि १२ इंची स्पीकरचा फेंडर ब्लूज ज्युनियरसारखा ॲम्प बघावा. ट्वीड काळातला (ट्वीड कापडाने मढवलेला जुना) फेंडर चॅम्प घ्या की एपिफोन व्हॉल्व्ह ज्युनियर, बटण एकच, व्हॉल्यूमचं. बटणं कमी म्हणून नाक मुरडू नका. आम्ही बटणं मोजत नाही, बाहेरचा स्पीकर जोडायची सोय आहे का ते आधी बघतो.

कारण अपग्रेडची सुरुवात तिथून होते. सुताराकडून प्लायवूडचं करून घेतलेलं १२ इंची स्पीकरचं कॅबिनेट आम्ही दुकानात ठेवलंय. येणारा प्रत्येक छोटा ॲम्प आधी त्याला जोडून ऐकवतो. आठ इंची स्पीकरनंतर ते ऐकून बरेच जण स्क्रू न काढताच घरी जातात आणि स्पीकर शोधायला लागतात. आमची मजुरी बुडते, बाबा चहा मात्र पाजतात. आवाज फार लवकर फाटत असेल तर १२एएक्स७ च्या जागी त्याच जातीचा ५७५१ व्हॉल्व्ह लावून बघतो. शंभराऐवजी सत्तरपट वाढ, आणि काम एका मिनिटाचं.

त्यानंतर मीटर लावून मोजणी. आपल्याकडे लाइन कधी २४५ व्होल्टवर जाते आणि १२ वॅट सोसणारा ईएल८४ चौदा-पंधरा वॅटवर भाजत राहतो. त्याच्या कॅथोडला (एका पिनेला) जोडलेला, करंट ठरवणारा १३० ओहमचा रेझिस्टन्स थोडा वाढवला की तो निवांत होतो. हे काम घरी करू नका. ॲम्प बंद केल्यावरही आतल्या कंडेन्सरमध्ये ३०० व्होल्ट राहू शकतात. मी एकदा खाल्लाय झटका. स्पीकर न जोडता ॲम्प चालू करणं तर त्याहून वाईट, त्यात ट्रान्सफॉर्मरच जातो.

महागड्या ट्यूबा आमच्या यादीत शेवटी. २०२२ मध्ये रशियाचं युद्ध सुरू झालं, तिथल्या सारातोवच्या ट्यूब कारखान्याचा माल अडकला आणि भाव चढले. तेव्हा माळ्यावरचा डबा विकून टाकू, असं मी म्हणालो होतो. बाबा म्हणाले, "दुरुस्तीला ठेव." एकेक करून त्यातले आता अकरा उरलेत.

रविवारी दुकान बंद असतं. येताना ॲम्पबरोबर तुमची गिटार आणि रोजची केबलही आणा. केबल विशेष करून.